केसभर वाकवलेला खिळा

वडील भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते. १९७९च्या मे महिन्यात त्यांनी प्लायवूडवर खिळ्यांच्या कमानी ठोकल्या, उजव्या कडेला स्प्रिंगचा दट्ट्या बसवला आणि निकामी बेअरिंगमधले छर्रे माझ्या ओंजळीत ओतले. आमचं बगाटेल तयार झालं. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या ओसरीवर सुट्टीतल्या दुपारी त्यावरच सरायच्या. दट्ट्या सोडला की पुढचं सगळं खिळ्यांच्या हाती. छर्रा एखाद्या ठिकाणी अडकून राहू लागला की वडील पक्कड घेऊन तिथला खिळा केसभर वाकवत. म्हणत, “कुठं अडतं ते आधी बघावं.”

या फळीचं कूळ बिलियर्ड्सचं, हे पुढे वाचनात आलं. पीवायसी जिमखान्यातलं ते हिरवं टेबल मी दारातूनच पाहिलेलं. त्याच टेबलाचं धाकटं रूप म्हणजे फ्रान्समधलं बगाटेल. तेही आधी काठीनेच खेळत. १८७१ मध्ये अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी स्प्रिंगच्या दट्ट्याचं पेटंट घेतलं आणि पुढे काठी सुटली. बगाटेलचंच पुढे पिनबॉल झालं आणि १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या पिनबॉल यंत्राला फ्लिपर आले. खाली घरंगळणारा छर्रा आता बटण दाबून परत वर धाडता येऊ लागला.

२००९ मध्ये वडिलांना घेऊन भावाकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा जुन्या यंत्रांच्या एका शौकिनाकडे गॉटलीबचंच १९७४चं ‘बिग शॉट’ पाहिलं. काचेखाली बिलियर्ड्सचे चेंडू रंगवलेले. एका बाजूला १ ते ७, दुसरीकडे ९ ते १५. नातवानं आजोबांचा कोट घालावा तसं ते पिनबॉल दिसत होतं. पण गुण नोंदले जात नव्हते. त्या शौकिनानं खेळाची फळी उचलली. आत रिले, कॉइली, वायरींचे जुडगे. चिप एकही नाही. वडिलांना इंग्रजी फारसं येत नसे. ते बराच वेळ वाकून बघत राहिले, मग प्लग काढायला लावून त्यांनी एका रिलेची पितळी पट्टी केसभर वाकवली. पुन्हा वीज दिल्यावर छर्रा लागला, गुणांचं चक्र सरकलं आणि आतली खरीखुरी घंटा वाजली. वडील लहान मुलासारखे हसले.

वाडा पडला, वडीलही गेले. फळी माझ्याकडे आहे. ठोकताना वाकलेले खिळे कोणते आणि त्यांनी मुद्दाम वाकवलेले कोणते, हे माझ्या बोटांना अजून कळतं.