नापास झाली, पण कुठे?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील एक मुलगी बी.कॉम.च्या जमाखर्चात दुसऱ्यांदा नापास झाली. तिची आई संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, "भाऊ, आता नाव काढून टाकते. दुकानात कामाला लावते तिला." मुलगी उंबऱ्याशी मान खाली घालून उभी होती. मी मार्कशीट पाहिली. गुण २७. त्या आकड्यावरून काय कळणार? मीही याच विषयात एकदा आपटलो होतो. कुठे चुकलो, ते आजतागायत मला कुणी सांगितलेले नाही.

म्हटले, "वहिनी, झेरॉक्स हाती येईपर्यंत थांबा," आणि मुलीकडून उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठी अर्ज भरून घेतला. तपासलेला पेपर मागणे म्हणजे सरांवर संशय, असे आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटते. पण आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा माहिती अधिकारात विद्यार्थ्याचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्येच दिला आहे.

झेरॉक्स आली. पोरीला विषय येत होता! घसारा तिने नफा-तोटा खात्यात बरोबर दाखवला, पण ताळेबंदात यंत्राच्या किमतीतून वजा केला नाही. द्यायची राहिलेली मजुरी खर्चात धरली, देण्यांच्या बाजूला लिहिली नाही. प्रत्येक समायोजनाची नोंद दोन ठिकाणी करायची, एवढेच सुटले होते. दोन्ही बाजू जुळेनात, म्हणून घाबरून तिने अख्खे उत्तर खोडले. पायरीपायरीने मिळायचे गुणही गेले.

"काका, एवढंच?" ती म्हणाली.

एवढेच. पण ते कळायला दोन वर्षे गेली.

परीक्षेआधीच हे कळावे, यासाठी काय करतात? ओळखीच्या एका प्राध्यापकांनी अँजेलो आणि क्रॉस यांचे 'क्लासरूम असेसमेंट टेक्निक्स' हे जाड इंग्रजी पुस्तक दिले. माझे इंग्रजी कारकुनी, सगळे काही वाचले नाही. पण त्यात एक साधी युक्ती सापडली. हार्वर्डमध्ये संख्याशास्त्र शिकवणारे मोस्टेलर तास संपताना मुलांकडून चिठ्ठी लिहून घेत : आज सर्वांत कमी काय कळले? गुण नाहीत, खर्च नाही.

रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही पाठकोऱ्या कागदांचे अर्धे तुकडे वाटू लागलो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी लिहिले, "सर्व कळले." नावे लिहू नका म्हटल्यावर खरे बाहेर आले. विद्यापीठाचे जुने पेपर आम्ही पूर्वीपासून सोडवतो, तेही उपयोगी आहेत. मात्र कुठे अडले, हे त्यांतून उशिरा कळते.

मुलगी कॉलेजात आहे. पेपर हातात आला की समायोजनांसमोर आधी पेन्सिलीने दोन-दोन खुणा करते.

मागच्या रविवारी अकरा चिठ्ठ्या आल्या. सातांवर एकच शब्द : गुडविल. तो भाग मीच शिकवला होता. येत्या रविवारी पुन्हा घेतो आहे.