पुढें सरकविणारे

शाळेंतील जीवशास्त्राच्या पुस्तकांत प्रथिनांच्या घडणीचें वर्णन वाचतांना एका क्रियापदापाशीं आम्ही नेहमीं अडखळतों. रायबोसोम हा संदेशवाहक आरएनएच्या धाग्यावरून तीन तीन अक्षरांच्या पावलांनीं ‘सरकतो’, असें तेथें लिहिलेलें असतें. वाक्य खोटें नाहीं. परंतु नेमक्या अंतरानें, न चुकतां आणि एकाच दिशेनें कोणतीही वस्तु आपोआप सरकत नसते. मग या कारखान्यास सरकवितो कोण? आमच्या घराण्यांतील एका मृत्यूचा या प्रश्नाशीं संबंध आहे, म्हणून तो आम्हांस केवळ पुस्तकी वाटत नाहीं.

रायबोसोमचें कौतुक पुष्कळ झालें, आणि तें योग्यच झालें. २००० सालीं त्याची रचना अणूंपर्यंत उलगडली, आणि २००९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक वेंकटरामन् रामकृष्णन्, टॉमस स्टाइट्झ व अडा योनाथ यांस मिळालें. रामकृष्णन् यांची पहिली पदवी बडोद्याची. त्यामुळें त्या वर्षीं आमच्या बडोदेकर आप्तांच्या बोलण्यांत पारितोषिकाचा थोडा अंश घरीं आल्याचा थाट होता! या संशोधनांतून दिसलेली एक गोष्ट तर विलक्षण आहे. अमिनो आम्लांचा सांधा जुळविण्याचें मुख्य काम रायबोसोममधील प्रथिनें करीत नाहींत. तें त्यांतील आरएनए करतो.

पण सांधा जुळविणाऱ्याच्या हातीं माल आणून देणारे आणि काम पुढें ढकलणारे निराळेच असतात. त्यांस दीर्घीकरण घटक म्हणतात. जंतूंच्या पेशींत त्यांपैकीं एकाचें नांव ईएफ-टीयू. हा आमच्याकडील जुन्या विवाहमध्यस्थासारखा आहे. अमिनो आम्ल घेऊन आलेल्या वाहक आरएनएचा हात धरून तो त्यास रायबोसोमच्या दारीं आणतो. संदेशांतील तीन अक्षरें वाहकाच्या तीन अक्षरांशीं जुळलीं, तरच जीटीपी नांवाच्या रेणूची दक्षिणा खर्ची पडते आणि तो हात सोडतो. हात सुटल्यावरही पुनः एकदां पारख होते, व विजोड वाहक माघारीं जातो. या दुहेरी पारखीमुळें हजारों सांध्यांमागें एखादीच चूक राहते. आणि हें सारें जंतूच्या पेशींत सेकंदास पंधरा-वीस सांधे इतक्या वेगानें चाललेलें असतें. (आमच्या ओळखीच्या मध्यस्थांस हा वेगही साधला नाहीं आणि ही अचूकताही.)

सांधा जुळला कीं ईएफ-जी येतो. रायबोसोमचे दोन भाग एकमेकांवर स्वतःच डुलत असतात. परंतु नुसत्या डुलण्यानें वाट चालून होत नाहीं. ईएफ-जी रिकाम्या होऊं लागलेल्या जागेंत आपला लांब भाग खुपसतो, आणखी एक जीटीपी खर्चतो, आणि धागा बरोबर तीन अक्षरें पुढें जातो. मागें फिरणें नाहीं. मनुष्याच्या पेशींत हेंच काम करणाऱ्यास ईएफ-२ म्हणतात.

आतां त्या मृत्यूविषयीं. आमच्या आजीची धाकटी बहीण चौथ्या वर्षीं घटसर्पानें गेली. या गोष्टीस शंभर वर्षें होऊन गेलीं. घसा दुखला, ताप आला, घशांत करडा पापुद्रा धरला, आणि आठवड्याच्या आंत सर्व आटोपलें. घोड्याच्या रक्तापासून केलेलें प्रतिविष तोंपर्यंत युरोपांत निघालें होतें. कोंकणांतल्या त्या गांवीं तें कोण आणणार? घरांत दृष्ट काढली गेली, कोणीतरी अंगारा लावला. पुढें आजीला जन्मभर एक संवय जडली. पोराचा आवाज जरा बसला कीं कंदील जवळ ओढून ती म्हणे, “आ कर पाहूं!” आम्ही हसत असूं, ती हसत नसे.

त्या पोरीच्या शरीरांत काय घडलें, हें शास्त्रास १९६० नंतरच्या दशकांत कळलें. घटसर्पाच्या जंतूचें विष पेशींत शिरून ईएफ-२ वर एक रासायनिक तुकडा चिकटवितें. मग तो सरकविणारा निकामी होतो. कारखाना शाबूत, संदेश शाबूत, माल दारांत. पण पाऊल पुढें पडत नाहीं. हा तुकडा ज्या एकाच ठिकाणीं बसतो, त्या ठिकाणाचें नांवच रोगावरून डिप्थमाइड असें पडलें. जंतूच्या स्वतःच्या ईएफ-जीवर तसें ठिकाण नाहीं, म्हणून जंतु आपल्याच विषानें मरत नाहीं. १९७८ सालच्या प्रयोगांत तर विषाचा एकच कार्यकारी रेणु आंत पोंचला तरी पेशी मरते, असें आढळलें. तो रेणु झिजत नाहीं; एकास निकामी करून दुसऱ्याकडे वळतो. प्रतिविष फक्त बाहेर असलेल्या विषास धरूं शकतें, आंत गेलेल्यास नाहीं. म्हणूनच घटसर्पाचा संशय येतांच, तपासणीची वाट न पाहतां, डॉक्टर तें देतात.

लसीचें काम याच्याही आधींचें. फॉर्मॅलिननें निर्विष केलेलें तेंच विष टोंचलें असतां शरीर त्यास ओळखणारीं प्रतिपिंडें घडवूं लागतें. तींही प्रथिनेंच, त्याच रायबोसोमवर, त्याच ईएफ-२ च्या धक्क्यानें घडलेलीं. मात्र तीं वेळेआधीं घडून तयार हवींत.

गेल्या वर्षीं आमच्या भाचीच्या मुलाची पांच वर्षांची मात्रा लांबणीवर पडत चालली होती. “मामा, घटसर्प आतां कोठें ऐकिला आहे तुम्ही?” असें ती म्हणाली. भारतांतून तो गेलेला नाहीं, आणि तो लस अपुरी राहिलेल्या मुलांसच मुख्यतः गांठतो, हें आम्ही तिला सांगितलें. तिच्या चेहऱ्यावर फारसा फरक दिसला नाहीं. मग आजीच्या बहिणीची हकीकत सांगितली. भाचीनें ती पूर्वीं ऐकिली नव्हती. ती मुलीचें नांव विचारूं लागली. तें घरांत आतां कोणासच ठाऊक नाहीं.

त्या आठवड्यांत मुलाला टोंचून आणलें. दंड दुखतो या सबबीवर त्यानें दुसऱ्या दिवशीं शाळा बुडविली आणि दुपारभर आमच्या अंगणांत विटीदांडू खेळला.