पायडलाची पारख

सायकल विकत घेताना माणसे तिचा रंग पाहतात, घंटा वाजवतात, चाक उचलून फिरवतात. परंतु स्वाराचे पाऊल ज्यावर सारा वेळ टेकलेले असते, त्या पायडलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक हात, बैठक आणि पाय या तीनच जागी स्वार व सायकल यांची गाठ पडते आणि बळ पोहोचते ते पायांतूनच.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण रोज धारवाडहून नवनगरला सायकलीने कामावर जातो आणि सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर पश्चिमेकडच्या टेकड्यांत भटकतो. सायकल मात्र एकच. एके दिवशी त्याने विचारले, "फादर, बुटाला अडकणारी पायडले घेऊ का? उतारावर पाय घसरतो." त्याची आई शेजारीच होती. ती म्हणाली, "फादर, पाय अडकलेला असताना मागून लॉरी आली तर?" मी विचार करू लागलो, तेव्हा दोघांचेही म्हणणे मला खरे वाटले.

वाचकहो, आपला मुलूखच असा आहे. धारवाड हे मलनाड आणि पठार यांच्या वेशीवर वसले आहे. हळियाळ-कलघटगीच्या बाजूस तांबडी माती, झाडी आणि चढउतार. नवलगुंदाकडे काळी चिकट रेगूर. हुबळी-धारवाड हे सुमारे 20 किलोमीटरचे अंतर. त्यात धारवाड उंचावर, म्हणजे दमून परतणाऱ्याच्या वाट्याला चढ. या हमरस्त्याच्या मधोमध जलद बससेवेसाठी स्वतंत्र मार्गिका बांधण्यात आली व 2020 साली तिचे औपचारिक उद्घाटन झाले. सायकलस्वाराने मात्र लॉरी, मोटारी आणि रिक्षा यांच्यातूनच वाट काढायची व सिग्नलपाशी पाय टेकायचा.

आता पायडलांचे प्रकार पाहू. जुन्या काळ्या सायकलीचे रबरी पायडल चपलेला, अनवाणी पावलालाही मानवते. पण भिजले की निसरडे होते. दुसरे रुंद, चपटे पायडल. त्याच्या दोन्ही अंगांस बारीक खिळे असतात व ते बुटाच्या तळव्यात रुततात. खडबडीत वाटेवरही पाऊल जागचे हलत नाही आणि उचलावेसे वाटले की तत्काळ उचलता येते. दोष एवढाच की, पाय सुटलाच तर हेच खिळे नडगी सोलून काढतात.

तिसरे अडकणारे पायडल. पूर्वी शर्यतीचे स्वार पट्ट्याने पाऊल बांधून घेत. 1984 साली लूक या फ्रेंच कंपनीने, बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांना बूट जसा अडकवतात, त्याच तत्त्वावर सायकलीचे पायडल बाजारात आणले. पुढच्याच वर्षी बर्नार इनो यांनी ते वापरून तूर द फ्रान्स जिंकली. 1990 साली जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरवाटांसाठी निराळी रचना केली. तीत धातूचा छोटा तुकडा बुटाच्या तळव्यातील खोबणीत बसतो, म्हणून उतरून चालताही येते. टाच बाहेर वळवली की पाऊल सुटते. परंतु घाबरलेल्या माणसास नेमके तेच सुचत नाही. नवशिके स्वार थांबल्या जागी आडवे होतात ते यामुळेच. शिवाय रेगूर माती त्या खोबणीत भरली की पाऊल धड अडकत नाही. बुटांचा खर्च वेगळाच. साध्या चालीने जाणाऱ्यास यामुळे फारसे बळ वाचते असेही नाही.

चौथा प्रकार दुतोंडी: एक बाजू चपटी, दुसरी अडकणारी. ऐकायला सोयीचा, पण दर वेळी निघताना हवी ती बाजू पायाने चाचपडत शोधावी लागते.

मी त्या तरुणास म्हणालो, "टेकडीवर तू आठवड्यातून एकदा जातोस, रस्त्यावर रोज. पायडल पाऊल किती घट्ट धरते याबरोबरच ते किती लवकर सोडते, हेही पाहा. तू खिळ्यांचे चपटे पायडल आणि सपाट तळव्याचे बूट घे." उतारावर टाचा किंचित खाली दाबाव्यात, दगडांवरून जाताना दोन्ही पायडले समपातळीत ठेवावीत, मग पाऊल सहसा घसरत नाही. पुढे लांबचे प्रवास करावेसे वाटले तर दुतोंडी पायडल घ्यावे. मात्र स्प्रिंग सैल ठेवून मोकळ्या मैदानावर पाऊल सोडवण्याचा सराव करावा आणि टाच आपोआप वळू लागल्यावरच हमरस्त्यावर यावे.

पायडल बसवतानाही एक गोष्ट ध्यानी धरावी. उजव्या पायडलाचे आटे सरळ, तर डाव्याचे उलटे असतात, नाहीतर डावे पायडल चालता चालता सैल होत जाते. पुढे 1903 साली विमान उडवणारे राइट बंधू मूळचे सायकलींचे कारागीर. 1900 साली त्यांनी आपल्या सायकलींना असे उलटे आटे दिले होते. चुकीचे पायडल जोराने पिळले तर क्रँकचे आटे कायमचे जातात. पाना वरच्या बाजूस धरून सायकलीच्या पुढच्या दिशेने वळवला की कोणतेही पायडल घट्ट होते, मागे वळवला की सुटते. आट्यांस थोडे ग्रीस लावावे. बहुतेक क्रँकचे भोक 9/16 इंचाचे असते, एकसंध क्रँकच्या काही सायकलींचे 1/2 इंचाचे. माप विचारूनच पैसे मोजावेत.

आणि दुकानात जाताना रोजच्या वापरातलेच बूट घालून जावे. पायडल ओले करून त्यावर पाऊल ठेवून पाहावे. दुकानदार हसला तरी चालेल. पावसाळ्यात भर रस्त्यात त्या पायडलावर आपले पाऊल असणार आहे, त्याचे नव्हे.