संज्ञापनाच्या वर्गातली टिपणे

प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, "हा विषय घेऊन मुलगी टीव्हीवर बातम्या देणार का?" नवीन शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर हे शब्द घरोघरी पोचले, पण मायनरला संज्ञापन म्हटलं की डोळ्यांपुढे कॅमेराच येतो. नाहीतर फाडफाड इंग्रजीचा क्लास. यात पालकांची चूक नाही. आपल्याकडे हा विषय वाढला तोच माध्यमांच्या अंगणात. दोन माणसं ओट्याशी उभं राहून बोलतात, त्या बोलण्याचा अभ्यास मागे राहिला.

*

अमेरिकेत सुरुवात बोलण्यापासून झाली. १९१४ साली भाषणकला शिकवणारे १७ शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. बोलणं हा स्वतंत्र विषय आहे, एवढाच त्यांचा आग्रह. तो मला आजही पटतो.

*

समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्सवरचा तास कितीही वेळा घेतला तरी कंटाळा येत नाही. १९६३-६४च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये, आत्महत्येच्या विचारात असलेल्यांना मदत करणाऱ्या केंद्रातली फोनवरची संभाषणं तो ऐकत होता. फोन घेणाऱ्याने आधी आपलं नाव सांगितलं, की समोरचाही बहुतेक वेळा आपलं सांगे. एक जण मात्र म्हणाला, ऐकू येत नाही. मग नाव पुन्हा सांगणं आलं, आणि त्या खटपटीत त्याची स्वतःचं नाव सांगायची पाळी निघून गेली. 'नाव सांगणार नाही' असं न म्हणता नाव टाळायची ही रीत तर नव्हे? एवढ्याशा प्रश्नातून संभाषण-विश्लेषण ही ज्ञानशाखा उभी राहिली. १९७४मध्ये शेग्लॉफ आणि जेफरसन या सहकाऱ्यांसोबत त्याने संभाषणातल्या पाळीवर निबंध लिहिला, पुढच्याच वर्षी अपघातात तो गेला. वय ४०. त्याची व्याख्यानं ग्रंथरूपात यायला १९९२ उजाडलं.

*

एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. २००९मध्ये दहा भाषांची तुलना झाली. भाषेभाषेत थोडा फरक दिसला, पण घडण तीच. साधा एक शब्द जुळवून उच्चारायला मात्र याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत तयार होऊ लागतं. ऐकणं किती कष्टाचं आहे, हे मला या आकड्याने शिकवलं.

*

'९३ टक्के संवाद देहबोलीतून होतो.' व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून मुलं हे वाक्य घेऊन येतात. ते चुकीचं आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनचे १९६७चे प्रयोग सुट्या शब्दांवर होते आणि प्रश्न होता बोलणाऱ्याच्या आवडी-नावडीचा. सगळ्या संवादाला हा हिशेब लावू नका, असं त्याने स्वतःच बजावलं आहे.

*

आपल्या भाषेत केवढा माल पडून आहे! निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. 'आम्ही जेवायला बसतोय' यात पाहुणा बाहेर राहतो, 'आपण जेवायला बसू' यात त्याचं पान मांडलं जातं. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. 'अहो आई' आणि 'ए आई' यांच्यामध्ये एक अख्खी पिढी उभी आहे. यावर मुलांनी लिहायचं नाही तर कोणी?

*

गृहपाठ: घरच्यांची परवानगी घेऊन पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि 'हं', 'अगं', थांबे, सगळं जसंच्या तसं उतरवायचं. पाच मिनिटांना अख्खी संध्याकाळ लागते. एका मुलीने रात्रीच्या जेवणाचं बोलणं उतरवून आणलं. आजोबांशी बोललेली सगळी वाक्यं प्रश्नार्थक. गोळी घेतली? भात वाढू? झोप लागली का दुपारी? त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. वही मिटून ती म्हणाली, "सर, मी आज घरी जाऊन त्यांना कॉलेजमधलं काहीतरी सांगणार आहे."

*

यंदा मायनर निवडणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: विभागात येऊन एकदा अशी एखादी उतरवलेली वही वाचा, मग फॉर्म भरा.