कमानीपासून लेण्यांपर्यंत पायी

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आपल्या मराठवाड्यातील माणसाला नवे नाही. नोकरीच्या आणि चळवळीच्या निमित्ताने मी स्वतः किती खेपा केल्या त्याची गणती नाही. पण आई मात्र सदुसष्ट वर्षांत एकदाही गेली नव्हती. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी तिच्या डोळ्यांदेखत आमची वस्ती जळाली, ते विद्यापीठच तिने पाहिलेले नव्हते. गेल्या हिवाळ्यात मी तिला नांदेडहून रात्रीच्या गाडीने घेऊन निघालो.

पहाटे स्टेशनवर उतरलो. चहा घेतला. रिक्षावाला पुढे आला तर आई म्हणाली, "रिक्षा नको रे लेकरा. पाय हाईत की मला. लोकं नागपूरहून पायी निघाले व्हते." १९७९ चा लाँग मार्च तिच्या बोलण्यात अजून कालचाच असतो. मग मीही पिशवी खांद्याला लावली.

पहिला मुक्काम भडकल गेट. ही वेस मलिक अंबरने १६१२ साली बांधली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस पुढे निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानेच खडकी या नावाने हे शहर वसवले. शाळेच्या पुस्तकात त्याची जमीन महसुलाची पद्धत तेवढी असते. बाजारात विकला गेलेला माणूस शहर वसवतो, ही गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. वेशीजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे. आईने घरून आणलेली फुले तिथे वाहिली आणि आम्ही नागसेनवनाची वाट धरली.

नागसेनवन म्हणजे मिलिंद महाविद्यालयाचा परिसर. १९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे हे कॉलेज काढले. मिलिंद हा ग्रीक राजा. तो प्रश्न विचारी आणि भिक्खू नागसेन उत्तरे देत. त्यावरूनच 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ झाला. बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे. आमच्या काळात सर वर्गात म्हणत, 'मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका.' असो.

तिथून पुढे विद्यापीठाची कमान. १४ जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी मात्र सकाळचे चार-दोन विद्यार्थी तेवढे ये-जा करीत होते. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांत नामांतराचा ठराव झाला आणि काही दिवसांतच मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना त्याच ऑगस्टमध्ये ठार मारले. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षे. आईने चपला काढल्या, कमानीच्या खांबाला हात लावला, मग कपाळ टेकले. नंतर मला म्हणाली, "वाच मोठ्यानं." मी कमानीवरचे नाव वाचले. "आणखी एकदा." मी पुन्हा वाचले. एक विद्यार्थिनी थांबून बघत होती, तिने आईला जयभीम केला.

बीबी का मकबरा वाटेतच लागतो. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर. तिच्या खर्चाचा जुना आकडा नोंदलेला आहे : ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे. कारकुनाला वरचे सात आणे फार आवडले. बाकी तिथे आम्ही फार थांबलो नाही, ऊन चढत होते.

मकबऱ्यामागे दोनेक किलोमीटरवर डोंगर, आणि डोंगराच्या कड्यात आपली बुद्ध लेणी. शाळेच्या सहली अजिंठा-वेरूळला जातात आणि शहराला लागून असलेली ही लेणी तशीच राहतात. आपली माणसे मात्र धम्मचक्र प्रवर्तन दिनी हजारोंनी येतात. पायऱ्या उभ्या आहेत. आई दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी बसे, पदराने तोंड पुसे आणि खाली शहराकडे बघून विचारी, "कमान कुठाय?" मी बोट दाखवी, मग उठे.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्यात अंधार असतो, बॅटरी जरूर न्यावी. आत बुद्ध बसलेले आहेत आणि समोर दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुष उपासक गुडघ्यांवर बसून हात जोडून आहेत, अगदी खऱ्या माणसांएवढे. सुमारे चौदा-पंधराशे वर्षे ते तसेच बसून आहेत. आई आधी दचकली. मग त्यांच्या ओळीतच थोडी सरकून बसली आणि आम्ही त्रिसरण पंचशील म्हटले. चौथे लेणे सर्वांत जुने, चैत्यगृह. आत स्तूप आहे.

पुढचा गट साधारण किलोमीटरभर लांब. मला वाटले आता परत फिरावे, आईने ऐकले नाही. सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वर उभे आहेत आणि बाजूच्या लहान लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसे : बुडते जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, तलवार घेतलेला, बेड्या. आणि आग. आई आगीपाशी थांबली. मी समजावून सांगितले की ही माणसे बोधिसत्वाचा धावा करीत आहेत. बाबासाहेबांच्या धम्मात कुणी वरून येऊन आग विझवत नाही, हेही मी सांगणार होतो. कार्यकर्त्याची ही सवयच.

त्याआधीच ती म्हणाली, "आमच्या येळी कुणी आलं न्हाई. पाटलाच्या हिरीवर तर जाऊ देईनात. ओढ्यातून घागरी आणल्या, आम्हीच इझवलं." एवढेच. इतक्या वर्षांत घागरींचे मी पहिल्यांदाच ऐकले.

बाहेर सावलीत बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. पाणी वरती मिळेलच असे नाही, बाटल्या भरून न्याव्यात. म्हाताऱ्या माणसांना सकाळीच चढवावे. उतरताना आईचे गुडघे बोलू लागले, तेव्हा पायथ्यापासून स्टेशनपर्यंत तिने मुकाट्याने रिक्षा कबूल केली. फलाटावर बसून तिने विचारले, नातीला इथल्या कॉलेजात घालायचे तर फॉर्म कधी निघतात?