बारा खाचा

मुलांनो, पट्टीने मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर तुम्ही ती मनावर घेता का? मी घेत नसे. पण तेवढ्याशा चुकीने माझी एक फळी वाया गेली, आणि ती फळी अब्बांच्या कपाटाची होती.

मी करंजा येथे राहतो. घरी, आपल्या हातांनी गिटार बनवावी, अशी मला हौस लागली. अब्बांच्या पश्चात त्यांचे सागवानी कपाट खिळखिळे झाले होते. "दार घे, पण जपून काप," अम्मी म्हणाली. गिटारच्या मानेवर बसवायच्या दोनच पट्ट्या त्यातून निघाल्या.

या पट्टीवर खाचा पाडून धातूचे बारीक पडदे ठोकतात. त्यांच्या जागा गणिताने ठरतात. तारेची लांबी 650 मिलिमीटर धरा. तिला 17.817 ने भागा. उत्तर सुमारे 36.5 येते, तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागा, की दुसऱ्याची जागा मिळते. असे करत गेलात, तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, 325 वर येतो. वहीत करून पाहा, गंमत वाटेल!

माझे गणित बरोबर होते. चुकले ते मोजणे. बाराव्या खाचेपर्यंत पोहोचलो, तेव्हा ती चार मिलिमीटर पुढे गेली होती. असे का झाले, ते मला कळेना.

ती पट्टी पिशवीत घालून मी मिरजेला गेलो. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे हा व्यवसाय सुरू केला. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एका दुकानात मोठमोठे वाळलेले भोपळे टांगले होते. भाजीचे नव्हेत हं! या कडू भोपळ्यांपासूनच सतारीचा खालचा पोकळ भाग बनतो.

तेथील एका वृद्ध कारागिरांनी माझी पट्टी निरखली. मग सतार पुढे ओढून तिचा एक पडदा बोटाने जरासा सरकवला. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात.

"मास्तर, आमची चूक सरकवता येते. तुमची एकदा ठोकली की ठोकली. मोजले कुठून?"

"आधीच्या खाचेपासून."

"मग प्रत्येक खाचेची चूक पुढच्या खाचेत गेली. सगळी मापे एकाच टोकापासून घ्या."

मी वर्गात बेरीज शिकवतो, आणि ही बेरीज मला दिसली नव्हती!

घरी येऊन आधी वहीत अंतरे मांडली : 36.5, 70.9, 103.4... मग दुसरी, म्हणजे शेवटची पट्टी घेतली. अम्मीने दिवा धरला. दोन संध्याकाळी करवत चालली. पावसाळ्यात करंज्याची हवा फार दमट. पातळ लाकूड फुगते. म्हणून चिकटवण्याचे काम थंडीपर्यंत थांबवले.

शेवटी तारा चढवल्या. बाराव्या पडद्यावर बोट दाबून तार छेडली. मोकळ्या तारेचाच सूर, पण वरच्या सप्तकातला! अम्मीने तो पुन्हा वाजवायला लावला.

चुकलेली पट्टी मात्र तिने फेकू दिली नाही. बिनदाराच्या त्या कपाटात एका कप्प्याला आधार म्हणून ती माझ्याकडूनच ठोकून घेतली. शाळेचे कपडे काढताना त्या बारा खाचा मला रोज दिसतात.