गिझरमधला दगड

गेल्या दिवाळीच्या आधी एक ताई आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आल्या. रुमालात गुंडाळून आणलेली वस्तू त्यांनी टेबलावर ठेवली. पांढरट करडी, बोटभर जाडीची खपली. तिच्या आतल्या बाजूला गिझरच्या कॉइलचा गोल ठसा अगदी स्पष्ट उमटलेला.

"मॅडम, गिझरमधून असा तसराळंभर दगड निघाला. तीन वर्षांत दुसरी कॉइल जळाली. आणि हेच पाणी आम्ही पितोय. पोटात काय होत असेल?"

मी खपलीवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले. फसफसून बुडबुडे आले. म्हणजे हे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, आपली चुनखडीच.

तो बुडबुडा मला दरवेळी थांबून बघावासा वाटतो. पावसाचं पाणी जवळजवळ निखळ असतं. मातीत मुरताना झाडांच्या मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आपल्याबरोबर घेऊन निघतं. गिझरमध्ये पाणी तापलं की तो वायू निसटतो आणि त्याच्या आधाराने विरघळून राहिलेलं कॅल्शियम पुन्हा दगड होऊन कॉइलवर बसतं. जमिनीखाली जे घडलं, तेच उलट्या दिशेने आपल्या न्हाणीघरात घडतं.

पुण्यात हा फरक एकाच इमारतीत दिसतो. खडकवासल्याचं पाणी सह्याद्रीच्या उतारांवरून धरणात आलेलं, खडकाशी त्याचा सहवास थोडा. म्हणून ते मृदू, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम कमी असलेलं. बोअरचं पाणी खडकाच्या भेगांत दीर्घकाळ राहिलेलं, म्हणून जड. महापालिकेचं पाणी अपुरं पडलं की टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळतं, आणि आपल्या नळाचं पाणी बदललंय हे घरात कुणाला कळतही नाही. ताईंच्या सोसायटीत हेच झालं होतं.

त्यांनी बाटलीतून पाणीही आणलं होतं. "टीडीएस मीटरने 700 दाखवलं," त्या म्हणाल्या. इथे बहुतेकांची गल्लत होते. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच बघतं आणि त्यावरून सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज सांगतं. त्यातलं साधं मीठ किती आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम किती, हे त्याला कळत नाही. गिझरला मात्र नेमकं तेच विचारायचं असतं. त्यासाठी आम्ही पाण्यात बफर आणि चिमूटभर दर्शक घालतो. पाणी कोकमाच्या सरबतासारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. लाल रंग जांभळट होतो, आणि एका थेंबासरशी सगळं पाणी स्वच्छ निळं होतं. सत्तावीस वर्षं मी तो निळा रंग बघतेय. अजून त्या थेंबाला श्वास रोखला जातो.

जडपणाचा आकडा आला लिटरला 460 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. पोटाचं उत्तर मी त्यांना आधी दिलं: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा ठरवलेली नाही. गिझरमध्ये दगड झाला म्हणून पोटात दगड होतो, ही भीती घालून कुणी यंत्र विकत असेल तर ते घेऊ नका.

उपकरणांचा हिशोब मात्र खरा आहे. घरात रोज 60 लिटर गरम पाणी लागतं असं धरा. 460 च्या हिशोबाने वर्षाकाठी गिझरमधून दहा किलो क्षार जातात. बहुतेक पाण्याबरोबर निघून जातात. पण विसावा भाग जरी मागे राहिला तरी तो अर्धा किलो झाला. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते आणि बिल फारसं वाढत नाही. पण दगडाचं पांघरूण घेतलेली कॉइल स्वतः भलतीच तापते आणि फुटते. गॅस गिझरचं उलट: उष्णता पाण्यात न शिरता धुराबरोबर निघून जाते, म्हणजे गॅस वाया. आजीच्या तांब्याच्या बंबाचंही असंच व्हायचं. दिवाळीच्या आधी ती बंब बाहेरून चिंचेने लख्ख करायचीच, पण आतही चिंचेचं पाणी घालून ठेवायची, "नाहीतर लाकडं जास्त खातो" म्हणून. तिचं रसायनशास्त्र पक्कं होतं.

वॉशिंग मशीनमध्ये साबणाचा जड पाण्याशी मिळून चिकट साका होतो. डिटर्जंट पावडरीत पाणी मृदू करणारी द्रव्यं असतात, पण जड पाण्यात ती आधी कॅल्शियमवर खर्च होतात. म्हणून पावडर जास्त लागते आणि टॉवेल कडक होतात. डाळ शिजत नाही तेव्हाही दोष बहुधा डाळीचा नसतो. कॅल्शियम तिच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं.

उपाय साधे आहेत. गिझर 60 अंशांच्या वर नेऊ नका, कारण पुढे दगड झपाट्याने बसतो. आकडा 300 च्या पुढे असेल तर वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड बघायला सांगा; टाकीऐवजी तो झिजतो. केटलला लिंबूसत्त्वाचं गरम पाणी पुरतं. संडास धुण्याचं ॲसिड गिझरमध्ये कधीच घालू नका. ते धातूच खातं.

सॉफ्टनर बसवायचा तर फक्त गिझरच्या आणि मशीनच्या लाइनवर. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो: 460 जडपणाच्या पाण्यात लिटरला सुमारे 210 मिलिग्रॅम. रक्तदाबाचं माणूस घरात असेल तर स्वयंपाकघराचा नळ त्यातून वगळा, आणि झाडांना तर ते पाणी नकोच.

ताईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. जाताना मी एकच गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगते. अभ्यंगस्नानाच्या आधी नळाचं लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत भरून तपासायला द्या. मे महिन्यात पुन्हा एकदा द्या. दोन्ही आकडे तारखेसह गिझरवर मार्करने लिहून ठेवा. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला कॉइल बदलण्याआधी वाचायला काहीतरी हवं.